बदललेल्या स्तनपेशींवरून खऱ्या कर्करोगाचे काय कळते?

आबोलीची वेणी
नमस्कार मंडळी. चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या आमच्या घरी नेवऱ्या करायला सगळ्या बायका बसल्या होत्या आणि माझी भाची, जी परदेशात पेशीविज्ञानात पीएचडी करते, ती यंदा बऱ्याच वर्षांनी घरी आली होती. तू तिथे नेमके काय करतेस, असे मी तिला सहज विचारले. ती म्हणाली, निरोगी बाईच्या स्तनातल्या पेशी घ्यायच्या, त्यांत बाहेरून जनुके घालून त्यांना मुद्दाम कर्करोगाच्या वाटेला लावायचे आणि मग त्यांच्यातल्या मूलपेशी ओळखून त्यांचा अभ्यास करायचा.

तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, स्वतः या आजारातून गेली आहे. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, आठ वर्षे सगळे सुरळीत होते आणि मग हाडांत तोच आजार पुन्हा निघाला. त्यामुळे माझ्या तोंडून जरा तिखटच प्रश्न गेला: ज्या पेशीला तुम्हीच रोगी केले, तिच्याकडून माझ्या बहिणीच्या पेशीबद्दल काय कळणार? काढलेली गाठ हाताशी असते, तीच का तपासत नाही? पिठाचे हात तसेच ठेवून ती सांगायला लागली, तेवढ्यात गणपतीवरची माटोळी बांधायला हाक आली आणि विषय तिथेच राहिला. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

पेट्रीबशी
आबोलीताई, प्रश्न नेमका आहे आणि या क्षेत्रातले लोकही तो एकमेकांना विचारत असतात. मी काही वर्षे पुण्यात पेशींच्या प्रयोगशाळेत काढली, आता गोव्यात शिकवतो.

गाठ तपासत नाहीत असे नाही. पण शस्त्रक्रियेतून आलेला तुकडा म्हणजे सरमिसळ असते. त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर चरबी, रक्तवाहिन्या, तंतुपेशी आणि संरक्षक पेशीही असतात. तो बशीत ठेवला की बहुतेक वेळा हव्या त्या पेशी मरतात आणि तंतुपेशी पावसाळ्यातल्या तणासारख्या माजतात. ज्यांना कर्करोगाच्या मूलपेशी म्हणतात त्या तर मुळातच थोड्या. त्या वेगळ्या काढून वाढवायला घेतल्या तर काही दिवसांत त्यांच्यापासून साध्या पेशी तयार होतात आणि आपण पुन्हा सरमिसळीवर येतो. हजारो औषधे तपासायची तर एकसारख्या पेशींचा अखंड पुरवठा लागतो, जो एका रुग्णाच्या गाठीतून होत नाही.

म्हणून उलट्या टोकाने सुरुवात झाली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने सामान्य मानवी स्तनपेशी घेऊन त्यांत तीन गोष्टी पायरीपायरीने घातल्या. पहिली टेलोमरेजचे जनुक, ज्यामुळे पेशीची विभागण्याची मर्यादा उठते. दुसरी एसव्ही४० या माकडांतल्या विषाणूचा जनुकांश, जो पी५३ आणि आरबी हे पेशीची बेबंद वाढ रोखणारे दोन्ही पहारेकरी निकामी करतो. तिसरी बदललेले रॅस जनुक, जे वाढीचा हुकूम सतत चालू ठेवते. पहिल्या दोन गोष्टींनी पेशी अमर होते, पण उंदरात गाठ करत नाही. तिसरी घातली की करते. या पेशींना एचएमएलईआर म्हणतात आणि ताईंच्या भाचीचे काम याच घराण्यातले असावे.

तिठ्यावरचा
मला आधी 'मूलपेशी' या शब्दाचा निवाडा हवा आहे. हे मूल म्हणजे लेकरू की झाडाचे मूळ? इंग्रजीत तर म्हणे खोड आहे.

पेट्रीबशी
मुळातले ते मूल. पण लेकरू म्हटलेत तरी फार चुकत नाही, कारण ही पेशी विभागते तेव्हा एक लेक तिच्यासारखीच राहते आणि दुसरी मोठी होऊन कामाला लागते.

कुळागरी
सावईवेऱ्याच्या कुळागरात राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. केळीचा घड उतरवला की आपण खोड कापून टाकतो. वर सगळे साफ दिसते आणि पंधरा दिवसांत बाजूने मुनवा डोके वर काढतो, कारण कंद जमिनीत असतो. केमोने खोड कापले आणि कंद राहिला, तर आठ वर्षांनी पुन्हा केळ उगवणारच. आबोलीताई, तुमच्या बहिणीचे असेच झाले असेल असे मला वाटते.

सूक्ष्मदर्शक
मी विकृतिशास्त्राची डॉक्टर आहे, रोज या गाठींच्या काचा पाहते. कुळागरी यांचा दृष्टांत सुरेख आहे आणि मूळ कल्पना तीच आहे. मायकल क्लार्क आणि मॅक्स विचा यांच्या मिशिगनमधील गटाने २००३ मध्ये दाखवले की रुग्णांच्या गाठींतल्या, पृष्ठभागावर सीडी४४ हे प्रथिन भरपूर आणि सीडी२४ हे नगण्य असलेल्या जेमतेम शंभरएक पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराला टोचल्या तरी नवी गाठ होते. बाकीच्या पेशी हजारोंनी टोचूनही होत नाही. शिवाय त्या नव्या गाठीत पुन्हा दोन्ही प्रकारच्या पेशी सापडतात. म्हणजे कंदातून कंदही आला आणि खोडही आले. २००७ मध्ये एएलडीएच१ या विकराची दुसरी खूण सापडली.

एक गोष्ट मात्र आताच सांगून ठेवते, कारण असे वाचून लोक कागद घेऊन येतात. ही तपासणी रुग्णाच्या नेहमीच्या अहवालात नसते. उपचार ठरतात ते ईआर, पीआर, हर-२ ही गाठीतली प्रथिने, गाठीचा आकार आणि काखेतल्या गाठी यांवरून. 'मूलपेशी किती टक्के?' असे डॉक्टरांना विचारून भांडू नये.

उलटतपासणी
मडगावात वकिली करतो, विज्ञानाचा नाही. पण पुराव्याचा माणूस आहे, म्हणून दोन हरकती नोंदवतो.

पहिली अशी, की ज्या उंदराला प्रतिकारशक्तीच नाही त्याच्या अंगात गाठ झाली, यावरून बाईच्या अंगात काय झाले हे कसे ठरते? साक्षीदार वेगळा, घटनास्थळ वेगळे. मी शोधले तेव्हा मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरचे २००८ चे काम सापडले. त्यात आणखी दुबळ्या प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरल्यावर चार पेशींपैकी साधारण एका पेशीने गाठ केली. मग दुर्मीळ कंद कुठे राहिला? उंदीर बदलला की मूलपेशींची संख्या बदलते, याचा अर्थ आपण पेशी मोजत नसून उंदीर मोजत आहोत.

दुसरी हरकत थेट ताईंच्या प्रश्नाची. ज्यात माकडाच्या विषाणूचा तुकडा घातला आहे, ती स्तनाच्या कर्करोगाची पेशी म्हणून साक्ष द्यायला उभी राहूच कशी शकते?

पेट्रीबशी
वकीलसाहेब, दुसरी हरकत तर तुम्ही मांडली त्याहून भक्कम आहे. हे जे रॅस घातले जाते, त्यातला बदल स्तनाच्या कर्करोगात क्वचितच सापडतो. प्रत्यक्ष रुग्णांत सर्वांत जास्त दिसतात ते पीआयके३सीए आणि टीपी५३ या जनुकांतले बदल. म्हणजे एचएमएलईआर ही कोण्या बाईच्या गाठीची नक्कल नाही. मात्र तिच्यात आपण काय घातले ते आपल्याला शेवटच्या अक्षरापर्यंत माहीत असते. रुग्णाच्या गाठीत अनेक बदल झालेले असतात आणि त्यांतला कारण कोणता, परिणाम कोणता आणि नुसता बघ्या कोणता, हे सांगणे अवघड असते. इथे एक जनुक घातले आणि वागणे बदलले, तर बोट कुणाकडे दाखवायचे ते ठरलेले असते. तुमच्या भाषेत, ती प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही, पण घटना तशी घडू शकते का याची केलेली रंगीत तालीम आहे.

अशी पेशी करतात कशी, हे थोडे जवळून सांगतो. जनुक निकामी केलेल्या विषाणूत भरून पेशींवर सोडतात आणि त्याबरोबर एखाद्या औषधाला दाद न देणारे आणखी एक जनुक जोडलेले असते. दोन दिवसांनी त्या पेशींना, समजा, प्युरोमायसिन घालायचे. सकाळी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तळाला घट्ट चिकटलेल्या फरसबंदीसारख्या पेशी सुटून, गोल होऊन तरंगताना दिसतात. चिकटून राहतात त्याच आपल्या. एकदा आमच्याकडे सगळ्याच चिकटून राहिल्या आणि आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. मग कळले की औषधाची कुपी जुनी होती. तेव्हापासून जनुक न दिलेला एक फ्लास्क शेजारी ठेवल्याशिवाय मी कुठल्याही निकालावर विश्वास ठेवत नाही.

रापणकार
म्हणजे जाळे टाकले, पण तेच फाटके होते.

उलटतपासणी
तालीम मान्य. पण तालमीतून नाटक उभे राहिले का, ते सांगा.

सूक्ष्मदर्शक
राहिले, आणि त्यातूनच कुळागरी यांच्या केळीला धक्का बसला. २००८ मध्ये वाइनबर्ग यांच्याच गटातून सेंदुराई मणी आणि सहकाऱ्यांनी अशा बदललेल्या स्तनपेशींत ट्विस्ट किंवा स्नेल हे जनुक चालू केले. एरवी एकमेकींना चिकटून, विटांसारख्या बसणाऱ्या पेशी त्यामुळे सुट्या, लांबट आणि फिरत्या झाल्या. हे स्थित्यंतर गर्भाच्या वाढीत नेहमीच होते. नवल असे की या फिरत्या पेशींच्या अंगावर सीडी४४ वाढले, सीडी२४ घटले आणि त्या मूलपेशींसारख्या वागू लागल्या. मूलपेशी नसलेल्या पेशीला मूलपेशीचे गुण आले! पुढे २०११ मध्ये त्याच गटाने दाखवले की काही स्तनपेशी, कुणी काही चालू न करताही, आपोआप अशा पालटतात. रुग्णाच्या सरमिसळ गाठीत हे पकडणे जवळपास अशक्य होते, कारण ही पेशी आधीपासूनच तशी होती की आता झाली, ते कळायला मार्ग नव्हता.

कुळागरी
थांबा. म्हणजे केळीच्या पानातून कंद फुटतो म्हणता? तसे तर होत नाही. पण आमच्या तुळशीवृंदावनाच्या कठड्याला पानफुटी आहे, तिचे पान नुसते ओल्या मातीवर पडले तरी कडेकडेने नवी रोपे येतात. तुमचा कर्करोग केळ आहे की पानफुटी, ते एकदा ठरवा. केळ असेल तर कंद खणून काढला की काम संपले. पानफुटी असेल तर पान न् पान वेचावे लागेल.

पेट्रीबशी
कुळागरीबाब, गेल्या पंधरा वर्षांतला वाद तुम्ही दोन झाडांत बसवलात. प्रामाणिक उत्तर असे की वेगवेगळ्या गाठींत दोन्हींची लक्षणे कमीजास्त दिसतात. म्हणूनच आता बरेच जण 'मूलपेशी' हा पेशीचा वर्ण न मानता तिची अवस्था मानतात.

खुडूक कोंबडी
सत्तरी तालुक्यात माझे ब्रॉयलर कोंबड्यांचे शेड आहे. हा धागा बायकोने दाखवला म्हणून आलो. कर्करोगाच्या मूलपेशी मारणारे औषध म्हणून सॅलिनोमायसिनचे नाव मी एका संदेशात वाचले होते. ते तर आमच्या खाद्यात असते! पिल्लांना कॉक्सी हा आतड्याचा रोग होऊ नये म्हणून घालतात, नाहीतर रक्ताची हगवण लागून शेड साफ होते. हे खरे आहे की नेहमीची थाप?

पेट्रीबशी
अर्धे खरे आहे आणि तो अर्धा भाग या धाग्याचाच आहे. मूलपेशी बशीत टिकत नाहीत, ही अडचण वर सांगितली. २००९ मध्ये पीयूष गुप्ता आणि सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली. त्यांनी याच घराण्यातल्या स्तनपेशींतले ई-कॅडहेरिन, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारे प्रथिन, बनवणारे जनुक गप्प केले. त्यामुळे बहुतेक सगळ्या पेशी त्या मूलपेशीसारख्या अवस्थेत गेल्या आणि तिथेच राहिल्या. आता पुरवठ्याचा प्रश्न मिटला. एका बाजूला या पेशी, दुसऱ्या बाजूला जनुक गप्प न केलेल्या त्यांच्याच बहिणी, आणि त्यांच्यावर सुमारे १६,००० रसायने तपासली. मूलपेशीसारख्या पेशींना निवडून मारणारी जी थोडी निघाली, त्यांत सॅलिनोमायसिन ठळक होते. याच प्रयोगात केमोतल्या नेहमीच्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाने मात्र साध्या पेशी मारून मूलपेशींचे प्रमाण उलट वाढवले. खोड कापले, कंद राहिला.

सूक्ष्मदर्शक
खुडूक कोंबडी यांना आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते की खाद्यातले सॅलिनोमायसिन माणसाने घ्यायचे नाही. घोड्यांना तर ते अगदी थोड्या मात्रेतही मारक ठरते आणि माणसांतही त्याची गंभीर विषबाधा झालेली आहे. पेशीच्या पडद्यातून पोटॅशियमची ने-आण बिघडवणारे ते रसायन आहे, ते स्नायूंना आणि हृदयाला सोडत नाही. बशीत पेशी मेली म्हणजे औषध झाले असे नसते. बशीतल्या पेशीला हृदय नसते.

खुडूक कोंबडी
समजले, डॉक्टरबाई. आमच्या पोत्यावरही घोड्यांना घालू नये असे छापलेले आहे, आज प्रथमच नीट वाचले. माझ्या मेव्हण्याने तो संदेश पुढे पाठवला होता, त्यालाही फोन केला.

सांजवात
मी पाच वर्षांपूर्वी यातून गेले आहे, म्हणून एक वेगळा प्रश्न विचारते. या पेशी येतात कुणाच्या? माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी एका कागदावर सही घेतली होती, ज्यात उरलेली ऊती संशोधनाला वापरण्याबद्दल एक ओळ होती. ती ओळ मला कुणी वाचून दाखवली नव्हती. मला राग त्या वापराचा नाही, न सांगण्याचा आहे. दुसरे असे, की जनुके बदललेल्या या पेशी नाल्यात गेल्या तर? आपण बीटी वांग्यावर केवढे रान उठवले होते.

पेट्रीबशी
तुमचा राग रास्त आहे. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या आणि आजही जगभर वापरल्या जातात, त्यावरून संमतीचा विषय सर्वांपुढे आला. सामान्य स्तनपेशी बहुधा स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेतून मिळतात, त्यासाठी संमती लागते, आणि ती वाचून दाखवली गेली पाहिजे यात दुमत नसावे.

नाल्याचे म्हणाल, तर बी आणि पेशी यांत फरक आहे. वांग्याचे बी मातीत रुजते. या पेशींना ३७ अंश तापमान, मोजून दिलेला कार्बन डायऑक्साइड, संप्रेरके आणि दर दोनतीन दिवसांनी ताजे अन्न लागते. सांडपाण्यात त्या काही तगत नाहीत. खरी काळजी वाहक विषाणूची आणि सुईची, म्हणजे काम करणाऱ्याचीच. आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठी १९८९ पासून नियम आहेत, त्यांत अशा पेशीही येतात, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते आणि वापरलेले सगळे निर्जंतुक करूनच बाहेर टाकायचे असते.

तिठ्यावरचा
आगशीच्या वांग्याला हात लावाल तर मात्र मी स्वतः धरण्याला बसेन. विषयावर राहून एवढेच म्हणतो.

उलटतपासणी
माझी पहिली हरकत अजून तशीच आहे. पेशी काय करू शकते हे तुम्ही दाखवता. ती शरीरात काय करते, ते कुठे दाखवता?

पेट्रीबशी
त्याचे उत्तर जनुकबदलाच्या दुसऱ्या उपयोगात आहे. आतापर्यंत आपण पेशीला रोगी करणाऱ्या बदलांबद्दल बोललो. पण पेशीला काहीही न करता तिच्या कपाळाला फक्त टिळा लावणारेही बदल असतात.

आधी निरोगी स्तनग्रंथीचे पाहा. तीन आठवड्यांच्या उंदरिणीत दुग्धनलिका स्तनाग्राजवळच असतात, पुढची चरबी रिकामी असते. नलिकांचा तेवढा भाग काढून टाकला की नांगरून ठेवलेले शेत मिळते. हे तंत्र १९५९ पासूनचे आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने, पुढे निळा रंग देणारे जनुक असलेली एकच पेशी अशा शेतात लावली आणि तिच्यातून दूध तयार करणारी अख्खी निळी ग्रंथी उभी राहिली. केवढा पुरावा! पण २०११ मध्ये बेल्जियममधील गटाने पेशी जागची न हलवता, उंदराच्या शरीरात जिथल्या तिथेच टिळा लावून तिची संतती पाहिली. तेव्हा दिसले की प्रौढ ग्रंथीत आतल्या थराच्या पेशी आतल्याच घडवतात आणि बाहेरच्या थराच्या बाहेरच्याच. जी पेशी उपटून लावल्यावर सर्व काही करू शकते, ती आपल्या घरी असताना तसे करत नाही. वकीलसाहेब, तुमचीच हरकत प्रयोगाने सिद्ध झाली. पुढे उंदरांच्या स्तनातल्या गाठींवर काचेची खिडकी बसवून, रंगीत टिळे लावलेल्या पेशी आठवडेच्या आठवडे पाहिल्या गेल्या. काही रंग पसरत गेले, काही विरून गेले. मूलपेशींची जागाही कायमची नसते.

उलटतपासणी
हरकत मागे घेत नाही, पण खटला चालू ठेवायला माझी ना नाही.

सूक्ष्मदर्शक
आणखी एक काम सांगते, जे मला काचा पाहताना नेहमी आठवते. २००७ मध्ये एकाच स्त्रीच्या ऊतीतून दोन वेगळ्या पोषकद्रवांत दोन जातींच्या स्तनपेशी वाढवल्या आणि दोघींत तीच तीन जनुके घातली. एकीची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णाच्या गाठीसारखी दिसली आणि ती दूरवर पसरलीही, दुसरीची तशी दिसली नाही. हुमणाचा मसाला एकच, पण बांगड्याला आणि इसवणाला चव वेगळी. कोणते जनुक बदलले एवढ्याने भागत नाही, कोणत्या पेशीत बदलले ते पाहावे लागते.

आबोलीची वेणी
सर्वांचे मनापासून आभार. हा सगळा धागा मी भाचीला पाठवला. तिचे उत्तर आले आहे, ते माझ्या शब्दांत देते.

ती म्हणते की मावशीचा प्रश्न बरोबर आहे आणि म्हणूनच त्यांच्याकडे आता माकडाच्या विषाणूवर कुणी एकट्याने विसंबत नाही. क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राने, रुग्णांत खरोखर बिघडलेली दिसतात तीच जनुके सामान्य स्तनपेशींच्या त्रिमितीय गोळ्यांत एकेक करून बिघडवता येतात. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये पी५३, पीटीईएन, आरबी१ आणि एनएफ१ ही चार जनुके अशा गोळ्यांत काढून टाकल्यावर उंदरात इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या गाठी झाल्या, म्हणजे आईला झाली त्या जातीच्या. तिच्या बाकावर चार प्रकारच्या पेशी असतात: काही न केलेल्या, जनुक न भरलेला रिकामा वाहक विषाणू दिलेल्या, जनुक बदललेल्या आणि रुग्णांच्या गाठीतून वाढवलेल्या. तिसरीत दिसले आणि चौथीत दिसले नाही, तर ती ते वहीत लिहून ठेवते, पण त्यावर पुढे काही बांधत नाही.

डॉक्टरबाई, तुम्हाला एक विचारायचे होते. कुळागरीबाबांनी सांगितले तसा आठ वर्षे कंदच राहिला होता का?

सूक्ष्मदर्शक
आबोलीताई, तुमच्या बहिणीच्या बाबतीत ते कुणीही सांगू शकणार नाही आणि मी अंदाजही करणार नाही. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या गाठी दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतात, हे मात्र पक्के ठाऊक आहे. काही पेशी हाडांच्या मगजात न विभागता पडून राहतात. त्यांचे आणि मूलपेशींचे नाते काय, हा शोध चालू आहे. काही चुकले, काही खाल्ले, काही राहिले म्हणून हे झाले, असे त्यांना वाटत असेल तर ते मनातून काढायला सांगा.

आबोलीची वेणी
सांगितले. तिला हा धागा काल रात्री वाचून दाखवला. केळ आणि पानफुटीपाशी ती हसली. उंदराच्या खिडकीपाशी थोडा वेळ गप्प होती. मग तिने लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि फ्लास्क दाखव म्हणाली. आत गुलाबी पाणी होते. भाचीने सांगितले की पेशींनी अन्न संपवले की ते आंबट होऊन पिवळे पडते, मग रविवार असो की चवथ, जाऊन बदलावेच लागते. आता बहीण रोज सकाळी फोनवर तेच पहिले विचारते, आज पाणी गुलाबी की पिवळे, आणि मग विचारते, तू जेवलीस का.